काका हसतात ते पुस्तक

मी ज्या माणसामुळे माणसांत आलो, ती माझी काकी. आईवडिलांनी वाढवलं, तालुक्याच्या शाळेत बारावीपर्यंत शिकवलं, ते मी विसरलेलो नाही. पण आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीतल्या एका खोलीत, काकीच्या हातचं जेवून. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे सांगायचंय ते एका कॉमिकबद्दल आहे, आणि ते कॉमिकही खरं तर तिचंच आहे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर अंधेरीला ऑफिसांच्या एका इमारतीत लिफ्टमन म्हणून लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. ते गेले तेव्हा मी नुकताच बारावी झालो होतो. काकीला मूलबाळ नव्हतं. गावातली माणसं तिला सांगत होती की आता मुंबईत काय ठेवलंय, खोली विकून टाक आणि इथेच राहा. ती दिवसकार्याला गावी आली आणि परत जाताना मला बरोबर घेऊन गेली. दिराच्या मुलाला शिकवायचं तिच्यावर कुणी घातलं नव्हतं. एसटीत मला म्हणाली, "माका शिकूक मिळाला नाय. तू शीक. आणि घाटात मळमळलं तर आधी सांग, साडी नवी आहे."

काकी डबे करायची. आसपासच्या कारखान्यांत, दुकानांत काम करणाऱ्या माणसांना दुपारचे डबे. संध्याकाळी रिकामे डबे परत आले की ती घासायच्या आधी एकेक झाकण उघडून बघायची आणि बोलत राहायची. "ह्याने भात ठेवलाय. बायको माहेराहून आली वाटतं, रात्रीचं चांगलं मिळणार असेल." "ह्याच्या डब्याला मासळीचा वास. आणि माझ्याकडे शाकाहारी म्हणून नाव लावलंय मेल्याने!" मी कोपऱ्यात अभ्यास करत बसलेला असायचो. चहा झाला की ती सांडशीने टोपावरच्या झाकणीवर दोन ठोके मारायची, टण् टण्, आणि मी पुस्तक ठेवून उठायचो. माझं कॉलेज असं झालं.

पदवीचा कागद घेऊन आलो त्या दिवशी तिने हात धुतले, पदराला पुसले, कागद उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यावर फोटो नाय? मग हा तूच कशावरून?"

पुढे मुद्रितं तपासता तपासता मी अंधेरीच्या एका लहानशा प्रकाशनात चिकटलो आणि राहायलाही तिकडेच गेलो. तिथे मराठीत कॉमिक काढायची कुणाला तरी हौस होती, म्हणजे आमच्या प्रकाशकांनाच. मला म्हणाले, तू लिही. मला लिहायला दुसरं काय येत होतं? मी डबे करणाऱ्या एका विधवा बाईची गोष्ट लिहिली. परत आलेल्या डब्यात काय उरलंय त्यावरून ती माणसांच्या घरातलं ओळखते आणि कुणाला कळू न देता त्यांच्या मदतीला जाते. चित्रं काढली खारदांड्याच्या एका मुलीने. ती कोळ्यांची. तिच्या आईचा बाजारात मासळीचा पाट आहे आणि हिच्या बोलण्यात आडपडदा म्हणून नाही. माझं पहिलं प्रकरण वाचून ती म्हणाली, "झकास आहे रे. फक्त तुझी सगळी माणसं बोलायच्या फुग्यात निबंध बोलतात. कापू?" तिने कापलं आणि ते वाचनीय झालं.

काकीने पहिलं पुस्तक बोट फिरवत फिरवत वाचलं. शेवटी म्हणाली, "बरा आहे. पण ही माझ्यापेक्षा जाड कित्याक?"

तीन पुस्तकांत ती गोष्ट पूर्ण झाली. तिसऱ्याच्या शेवटी बाई डबे बंद करते, भांडी एका नव्या बाईच्या हवाली करते आणि आपल्या रिकाम्या स्वयंपाकघरात चहा टाकते. शेवटच्या चौकटीत ती टोपाच्या झाकणीवर सांडशी वाजवते. टण् टण्. बस, संपलं. या शेवटाचं कौतुक झालं. एकाने लिहिलं की एवढ्या शांतपणे संपणारी गोष्ट बऱ्याच दिवसांत वाचली नाही. मी ते कात्रण जपून ठेवलं. खरं सांगायचं तर ते ठोके मी काही विचार करून घातले नव्हते. काकी चहा झाला की वाजवायची, म्हणून पुस्तकातल्या बाईने वाजवले. पान रिकामं वाटू नये म्हणून एक आवाज हवा होता, एवढंच.

वर्षभराने प्रकाशकांनी मला आत बोलावलं. चित्रकार आधीच येऊन बसली होती.

"प्रीक्वेल करूया," ते म्हणाले. "तरुणपणची बाई. लोक विचारतात यार, ती अशी झाली कशी? तिला हे डब्यांचं कळायला कधी लागलं? काहीतरी घडलं असेल ना तिच्या आयुष्यात."

"काही घडलं नव्हतं, सर," मी म्हणालो. "तिला बघायला आवडतं म्हणून ती बघते."

"हे आपल्याला माहीत. वाचकाला कारण लागतं."

मग मी बरंच बोललो. मला तेव्हा या विषयावर ठाम मत होतं. गोष्ट जिथे सुरू होते त्याच्या आधीचं वाचकाने आपापल्या मनात भरून घेतलेलं असतं, ते आपण छापून दिलं की त्याचं त्याने भरलेलं पुसून जातं. शिवाय आधीच्या गोष्टीत चिंता कसली असणार? बाई जगणार आहे, डबे करणार आहे, नवरा मरणार आहे, सगळं ठाऊक. आणि माणसाच्या प्रत्येक सवयीला एक कारण शोधून चिकटवायचं, म्हणजे त्या माणसाला मोडक्या यंत्रासारखं उघडून दाखवायचं. कपाळावरचा व्रण कसा पडला, टोपी कुणी दिली, असली पुस्तकं मी वाचली होती. एकातही मूळ गोष्टीत भर पडली असं मला वाटलं नव्हतं.

"हा बघ, फुग्यात निबंध," चित्रकार म्हणाली. पण ती माझ्या विरुद्धही बोलली नाही. प्रकाशक भले माणूस. म्हणाले, "तुझी गोष्ट आहे बाबा. तू नाही म्हणालास तर नाही." आणि विषय तिथे संपला.

तो विषय परत निघाला मुलुंडला. तिथल्या एका सभागृहात पुस्तकांचं प्रदर्शन होतं आणि रविवारी संध्याकाळी आम्हाला सह्या करायला बसवलं होतं. काकीला मी हौसेने बरोबर नेलं होतं. चांगली साडी नेसून, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन ती माझ्याशेजारी खुर्चीवर बसली होती. ती बाई म्हणजे मी, हे कुणाला सांगायचं नाही, असं तिनेच बजावलं होतं.

एक बाई तिन्ही पुस्तकं घेऊन आल्या. शांत चेहरा, बोलणंही अगदी मायेचं. म्हणाल्या, "मला तुमची नायिका फार आवडली. भिंतीवर तो नवऱ्याचा फोटो आहे ना, तो बघितला की कळतं काय सोसलं असेल बिचारीने. काय तो खडूस चेहरा! गेला म्हणून सुटली. तुम्ही कुठे शब्दानेही म्हटलं नाहीत, पण कळतं हो." मग शेजारी बसलेल्या काकीकडे वळून म्हणाल्या, "हो की नाही, मावशी? तुम्ही वाचलंत?"

काकी म्हणाली, "नाय बाई. मी काय वाचलंय नाय."

तिने ती तिन्ही पुस्तकं दोनदा वाचली होती.

तो फोटो काकांचाच होता. चित्रकाराने काकीच्या घरातल्या फ्रेमवरून हुबेहूब काढला होता, तिन्ही पुस्तकांत, स्वयंपाकघर दिसेल त्या प्रत्येक पानावर. काकांचा तेवढाच एक फोटो शिल्लक होता, लिफ्टमनच्या ओळखपत्रासाठी काढलेला. ते गेल्यावर तोच मोठा करून लावला. ओठ घट्ट मिटलेले, गाल ताणलेले, नजर समोर रोखलेली. पुस्तक लिहिताना मला तो फोटो म्हणजे भिंत भरायची एक वस्तू वाटली होती. विधवेच्या घरात हार घातलेला फोटो असतो, तसा तो होता.

घाटकोपरला परतताना रिक्षात काकीने मांडीवरची बाटली पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "तो फोटोवाला म्हणाला, दात दाखवायचे नाय, कार्डावर चालत नाय. हे हसले. परत म्हणाला, हसू नका. परत हसले. शेवटी तो वैतागला, म्हणाला दुसऱ्याकडे जा. तेव्हा ह्यांनी गाल आतून चावून धरले आणि काढला एकदाचा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ते हसू दाबलेलं तोंड आहे रे. खडूस नाय."

मला काका आठवत होते. ते गणपतीला गावी यायचे तेव्हा आम्हा पोरांना माळ्यावर जायच्या शिडीखाली उभं करायचे, कमरेवर हात ठेवून लिफ्टमनच्या आवाजात ओरडायचे, "चला, आत या, दाराला टेकू नका! पहिला माळा, नारळ! दुसरा माळा, कांदे! तिसरा माळा, उंदीर! उंदीर उतरणार का कोणी?" आमच्या घराला माळा एकच होता. आम्ही हसून हसून शिडीखालीच लोळायचो. हा माणूस मला ठाऊक होता, आणि तरी तिन्ही पुस्तकांत मी त्याला भिंतीवर टांगून ठेवला होता.

घरी आल्यावर तिने साडी बदलली, भात लावला आणि माझ्याकडे पाठ करून विचारलं, "पुस्तकात बदल करता येत नाय? फोटोत जरा हसवायचं फक्त."

"छापून झालंय, काकी. लोकांच्या घरी गेलंय."

"मग आधीचा काय तरी लिही. हे होते तेव्हाचा. तुमचे साहेब मागत होते म्हणालास ना?"

मी तिलाही तेच सांगायला लागलो. गोष्ट पूर्ण झालीय, तिला आता आधीच्याची गरज नाही, भलतंच काही जोडलं तर शेवट बिघडेल. तिने ऐकून घेतलं. ती माझं बोलणं नेहमी ऐकून घेते, मी बीए झाल्यापासून जास्तच. मग म्हणाली, "गोष्टीला गरज नसेल. ह्यांना आहे."

त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. पण दोनेक आठवड्यांनी मी गेलो तर फ्रेम भिंतीवर नव्हती. कपाटात ठेवली होती. "घरी माणसं येतात," एवढंच म्हणाली. मला ते बघवेना. माझ्या पुस्तकामुळे तिला आपल्याच घरात आपल्या नवऱ्याचा फोटो उतरवावा लागला होता.

मी चित्रकाराला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काढायचाच आहे तो माणूस. तीन पुस्तकं मी त्याचा मेलेला फोटो काढतेय, वैताग आलाय नुसता. आणि तुझा शेवट काय काचेचा आहे? बिघडला तर बिघडला."

"लोक म्हणतील, चाललं म्हणून ताणलं."

"म्हणू दे ना. लोकांनी तर काकांना खडूस पण म्हटलं."

तरी मी होकार दिला नव्हता. फक्त एक प्रसंग लिहून बघतो म्हणालो. प्रसंग साधा घेतला. काका कामावरून आलेत, गॅलरीत शेजाऱ्यांशी गप्पा छाटत बसलेत, आत चहा झालाय आणि बायको त्यांना हाक मारते. चित्रकाराने पेन्सिलीने कच्चं पान केलं आणि आम्ही दोघं ते काकीला दाखवायला घाटकोपरला गेलो.

काकीने पान खिडकीच्या उजेडात धरलं. बोट एका फुग्यावर थांबलं. "हे कोण बोलतंय?"

"तूच. म्हणजे ती."

"आणि हे नाव? हे ह्यांचं नाव?"

फुग्यात मी हाक लिहिली होती. नाव बदललेलं होतं, पण नावच होतं.

"मी ह्यांना नावाने हाक मारीन? सगळ्या चाळीसमोर? येडो की काय रे तू! तुझ्या आईने मारली होती कधी तुझ्या बापाला?"

चित्रकार हसत सुटली. "चूक झाली त्याची, काकी. पण कधीच नाही घेतलं नाव?"

"घेतलं ना. उखाण्यात."

"मग घ्या की!"

ती सहज बोलून गेली. मी मात्र चपापलो. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, नाव घ्या नाव घ्या म्हणून आग्रह होतो तो सवाष्णींना. काका गेल्यापासून काकीला तसं कुणीही म्हटलं नव्हतं, आणि तिने ते मनाला लावून घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. तिने एकदा उघड्या दाराकडे बघितलं. मग पदर सारखा करून, शाळेतल्या मुलीसारखं भरभर म्हणाली,

"वर जाते, खाली येते, लिफ्टला दारं दोन,
सगळ्यांना दार उघडून देणाऱ्या…"

इथे तिने नाव घेतलं. ते मी लिहीत नाही, ते तिचं आहे.

"…रावांना मी नाही तर दार उघडेल कोण!"

"वाट लागली," चित्रकार म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. "हा पानावर घेणार. पूर्ण पान."

काकी लाजली होती. मला तिला लाजताना बघायची सवय नव्हती. "चहा ठेवतंय," म्हणून ती उठली.

चित्रकार तिच्यामागे गेली. "पण मग रोजचं काय? अहो म्हणायच्या?"

"अहो म्हटलं की गॅलरीतले सगळे अहो वळून बघायचे. कुणाचा नवरा कुठला, कळायचं नाय."

"मग बोलवायच्या कशा?"

"असं." चहा झालाच होता. काकीने सांडशी उचलली आणि झाकणीवर दोन ठोके मारले. टण् टण्. "समोरची ती वाटी वाजवायची, पलीकडची नुसती खोकायची. आमचं हे. आवाज झाला की हे उठून यायचे."

चित्रकार माझ्याकडे बघत होती.

"काकी," मी म्हणालो, "तू हे अजून वाजवतेस."

"सवय."

"रोज?"

"सवय म्हणतंय ना रे! कप धर तो, सांडतोय."

चित्रकाराने पिशवीतून तिसरं पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. रिकामं स्वयंपाकघर, वाफ, भिंतीवर फोटो, हातात सांडशी. टण् टण्. एक रेघ बदललेली नव्हती. ते पान मीच लिहिलं होतं आणि ते मला आत्ता समजलं. माझ्या पुस्तकात ती बाई, सगळी कामं आवरल्यावर, नवऱ्याला चहाला बोलवत होती.

त्या दिवशी मी होकार दिला.

आधीची गोष्ट संपलेल्या गोष्टीत काही भर घालते का, या प्रश्नावर माझं आधीचं मत मी सगळं सोडलेलं नाही. बहुतेकदा ती घालत नाही. कारणं दाखवायला लिहिलेली तर कधीच घालत नाही, आणि आमच्या पुस्तकाच्या वेळीही प्रकाशकांशी माझं तेवढ्यावरून वाजलं. त्यांना डब्यांच्या जादूचं मूळ हवं होतं, ते मी दिलं नाही. त्यांना शेवटी काकांचा मृत्यू हवा होता, म्हणजे पुढच्या पुस्तकाशी सांधा नीट जुळेल. मी म्हणालो, सर, तो जुळलेलाच आहे, तीन पुस्तकं फोटोला हार आहे. ते हसले आणि म्हणाले, "बरं, मरू नको देऊस." पण एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. संपलेल्या गोष्टीत लिहिणाऱ्यालाही न कळलेलं काहीतरी पडून राहिलेलं असू शकतं. आधीची गोष्ट ते तयार करत नाही. ती नुसती तिथे दिवा नेते.

पुस्तक लहानच झालं. सुरुवात फोटोवाल्याच्या दुकानात होते. पुढची काही पानं गॅलरीतली, उखाण्याची, चहाची. शेवट मात्र काकीने सांगितलेला. एका सुट्टीच्या दिवशी काका तिला अंधेरीला घेऊन गेले, रिकाम्या इमारतीत, आपली लिफ्ट दाखवायला. ती आधी लिफ्टमध्ये बसली नव्हती. तिने डोळे मिटून त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि ते एकेका मजल्याला मोठ्याने ओरडत गेले. पहिला माळा, नारळ. दुसरा माळा, कांदे. आम्हाला गावी दाखवायचे तेच. म्हणजे तो खेळ मुळात तिची भीती जावी म्हणून निघाला होता. शेवटच्या चौकटीत लिफ्टचं दार बंद होतंय आणि फटीतून त्यांचे दात दिसतायत.

पुस्तक छापून आलं तेव्हा काकी गावी होती. हल्ली ती उन्हाळ्यात जाते ती गणपती करूनच येते. फोनवर तिला धड ऐकू येत नाही आणि पाकिटावर आपलं नाव लिहून आलेलं तिला आवडतं. म्हणून मी पुस्तकात चिठ्ठी घालून पार्सल केलं. ती चिठ्ठी अशी होती:

प्रिय काकी,

इथूनच वाकून नमस्कार करतो. गुडघ्याचं तेल लावतेस ना?

पुस्तक पाठवलंय. यात तू जाड नाहीस, मी जातीने लक्ष घातलंय. चित्रकार म्हणते, काकांचे दात जरा जास्तच आलेत, पण तू होते तेवढे काढ म्हणाली होतीस, तेवढेच काढलेत. पहिल्या दोन पानांत तो फोटोवाला आहे. काकांनी गाल कसे चावून धरले ते तिने चार चौकटींत दाखवलंय. आता ज्यांना तो चेहरा खडूस वाटला त्यांनी परत जाऊन बघावा. तुझा उखाणा पूर्ण पानावर आहे. नावाच्या जागी आम्ही टिंबं ठेवलीत. वाचताना तू ते भर, मोठ्याने भरलंस तरी चालेल, गावी ऐकायला आई आहे आणि ती हसणार नाही.

हे वाचून झालं की तिसऱ्या पुस्तकाचं शेवटचं पान उघड. मी बरोबर तेही घातलंय. त्यात काही बदललेलं नाही.

एक गोष्ट तुझ्यासमोर बोलता आली नसती म्हणून लिहितो. कॉलेजची सगळी वर्षं तू झाकणी वाजवलीस की मी पुस्तक ठेवून चहाला उठायचो. मला वाटायचं ती हाक मला आहे. त्या दिवशी कळलं, ती कुणाला होती. मग मी आठवून बघितलं, की मी असा उठून आल्यावर तू एकदा तरी म्हणालीस का, तू कशाला आलास, तुला नाही बोलावलं. तू दरवेळी कप पुढे करायचीस. साखर कमी आहे का, एवढं विचारायचीस.

घाटकोपरची खोली मी रविवारी जाऊन उघडतो, झाडून घेतो. काकांची फ्रेम कपाटातून काढून परत भिंतीवर लावली आहे. खिळा सैल झाला होता, नवा ठोकला. चहा करून प्यायलो. झाकणी मी वाजवली नाही, ती तू आल्यावर वाजव. मी येईन.

तुझा,
पुतण्या